कडीला अडकवलेली पिशवी

शेवंताबाई गेल्याचा तिच्या लेकाचा फोन आला, तेव्हा मी वांगी चिरत होते. ट्रकनं आलेली, चकचकीत, बेचव.

बेल्याकडच्या आपल्या गावाहून ती पहिल्या बसनं भाजीचं टोपलं घेऊन आदिलाबादला यायची. आमच्या गल्लीची रीत अशी, की रात्री दाराच्या कडीला रिकामी पिशवी अडकवून ठेवायची आणि सकाळी शेवंताबाईनं तिच्या मनानं भाजी टाकून जायचं. निवडीला वाव नव्हता. रोज रोज अंबाडी काऊन, म्हणून एकदा मी कुरकुरले. "मास्तरीणबाई, वावर हाय ते, हॉटेल नाही," म्हणाली. शाळेत पोरांना गप्प करणारी मी, मुकाट्यानं अंबाडी निवडायला बसले.

पुढं तिचे गुडघे गेले. टोपलं घेऊन बसमध्ये चढवेना, लेकाला रोज येणं जमेना. शेवटी त्यानं विहिरीजवळच्या भाजीच्या वाफ्यातही कपाशी लावली. त्याला तरी काय बोलणार?

मग तिला इथल्या दवाखान्यात ठेवलं. अन्न जात नव्हतं. मी भेटायला गेले, तर हळूच म्हणाली, "आपल्या काटेरी वांग्याची भाजी खावीशी वाटून राह्यली."

एवढंच तर मागितलं होतं तिनं. मी सगळा बाजार पालथा घातला, इचोड्याच्या ओळखीच्या दुकानदाराला विचारलं, तिच्या गावात फोन केले. गावात जिकडेतिकडे कपाशी, दुकानात ट्रकचा माल. जिनं आमची अख्खी गल्ली जेवू घातली, तिच्यासाठी एवढ्या शहरात तिच्या मातीतलं एक वांगं मिळू नये! जीव नुसता तळमळला माझा. शेवटी तीच चकचकीत वांगी आणली, तीळ-शेंगदाण्याचं कूट घालून भाजी केली आणि डबा घेऊन गेले.

तिनं एक घास घेतला. बराच वेळ तोंडात घोळवला... माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं.

"आपल्याच वावरातली हाय," म्हणाली, आणि दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.

मी हो म्हणाले.

बाजारातली भाजी मी अजून त्या पिशवीत आणलेली नाही. रात्री दार लावताना ती कडीला अडकवते, आणि सकाळी रिकामीच आत घेते.