आईनं आज समुद्रात उडी मारली

मंडळी, केस अजून ओलेच आहेत, तरी लिहितेच.

आम्ही चंद्रपूरहून मालवणला आलोय. आज सकाळी मी स्कुबा डायव्हिंगला गेले. पोहता येत नसलं तरी चालतं, असं सांगितलं होतं. पंचाहत्तरी ओलांडलेली माझी आई लाइफ जॅकेट घालून नुसती बघायला होडीत बसली होती.

खाली प्रवाळ, रंगीत मासे, सगळं छान चाललं होतं. अचानक माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं आणि मी घाबरले. प्रशिक्षकानं मला लगेच वर आणलं, पण मी इतके हातपाय झाडले की त्याच्या हातून सुटले. नाकातोंडात पाणी जायला लागलं.

तेवढ्यात धपकन आवाज झाला. आई साडीसकट पाण्यात होती! मागून मला धरून ती म्हणाली, "हातपाय झाडू नको. पाठीवर पडून राय. मी आहो."

होडीत आल्यावर मी विचारलं, "आई, तुले पोहता येते?"

ती पदर पिळत म्हणाली, "गडचिरोलीकडं आमच्या गावच्या तलावात आम्ही पोरी शिंगाडे काढत होतो."

म्हणजे ही १९५०च्या दशकातली गोष्ट.

"मग कधी सांगितलं काऊन नाई?"

"तुह्या बाबाले पाण्याचं भेव लागे. मले पोहता येते म्हटलं असतं, तर त्याहिले कसंसं वाटलं असतं."

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. आजही मी बुडायला लागले नसते, तर ती होडीतच बसून राहिली असती.

तुमच्या घरात आहे का असं कोणी, ज्यानं दुसऱ्याचं मन राखायला आपली आवड गुपचूप सोडून दिली?