पाहणारं कोणीतरी
वाळली पानं जळल्याचा वास आला, की मला गावातली ग्रामपंचायतीची खोली आठवते. मोहफुलांचा हंगाम होता, फुलं वेचता यावीत म्हणून झाडांखालची पानं जाळत, आणि फुलं वेचायला गेलेल्या एका बाईला नुकतंच वाघानं नेलं होतं. तेव्हापासून गावाची दारं भर दुपारीही बंद असायची. आम्हा बायकांना धीर द्यायला शहरातून एक सर आले. त्या खोलीचीही दारं-खिडक्या लावलेल्या, लुगड्यांना मोहाचा आंबूस-गोड वास, अंगाला घाम. सर म्हणाले, “सगळ्यांनी डोळे मिटा. मनात फक्त चांगलं चित्र आणा.” मी मिटले आणि लगेच उघडले. मोहाखाली वाकून वेचताना आमच्यातली एक जण कायम उभी राहून जंगलाकडे बघते. इथे तर सगळ्याच डोळे मिटून बसलेल्या. “काकू, मले भेव लागून राह्यला,” मी शेजारी कुजबुजले. काकूनं माझा हात धरला. तिची नजर दारावर होती. “मीट तू. मी पाहून राह्यली ना.” मग मिटले, आणि खरंच मला फुलांनी पिवळी झालेली जमीन दिसली. आता काकू नाही. शहरातल्या खोलीत, दाराला कडी लावून, मी रोज सकाळी मोबाइलमधल्या गोड आवाजाचं ऐकते. डोळे मिटा, चांगला विचार करा, तो म्हणतो. मी एकच डोळा मिटते.