माहेरी राहिलेला पंप

माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून दमा. डॉक्टरांनी तिला दोन पंप दिलेले. निळा दम लागला तरच ओढायचा. तपकिरी मात्र बरं वाटत असलं तरी रोज सकाळ-संध्याकाळ, प्लास्टिकच्या जाड नळकांड्यातून, आणि नंतर चूळ भरायची. निळ्याने तेवढ्यापुरता श्वास मोकळा होतो, छातीतली सूज तपकिरीच आटोक्यात ठेवतो, हे आमच्या टिटवाळ्याच्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

वर्तकनगरची मंडळी तिला बघायला येणार, त्या सकाळी आईने ते नळकांडं धान्याच्या डब्यामागे सारलं. "दमा हा शब्द कुणी काढायचा नाही. विचारलंच तर सर्दीचा कोठा आहे म्हणा." मला संताप आला. पण मुलगी उजवायची म्हटलं की आमच्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची.

लग्नानंतर निळा पंप तिच्या पर्समधून सासरी गेला. तपकिरी टिटवाळ्यालाच राहिला, कारण ते नळकांडं सासरी लपवणार कुठे? बाथरूममध्ये नळ सोडून ती निळा ओढायची, म्हणजे फुस्स बाहेर ऐकू जात नाही. रोजचं औषध फक्त माहेरी आली की. आई समोर उभी राहून मायेने घ्यायला लावायची. महिन्यांची कसर माहेरपणात भरून निघते, असं तिला खरंच वाटत असावं.

"अगं, हे काय तूप आहे, चार दिवस खाल्लं की अंगी लागायला?" मी चिडून बहिणीला म्हटलं. "तिकडे सांगून टाक आणि रोज घे."

"ताई, तिथे सगळे चांगले आहेत गं," बहीण म्हणाली. "आता कुठल्या तोंडाने सांगू?"

मग त्यांच्याकडे सत्यनारायण झाला. आम्हीही गेलेलो. धुपाने घर भरलं होतं. निळा ओढून ओढून तिचे हात थरथरायला लागले, पण छाती काही सुटेना. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तेव्हा तिचे ओठ काळेनिळे पडले होते. डॉक्टरांनी मास्क लावता लावता विचारलं, "रोजचा पंप चालू आहे का?"

सासूबाई आमच्याकडे बघायला लागल्या. आई म्हणाली, "हिला असं आधी कधीच झालं नाही हो, डॉक्टर." पोटची पोर समोर श्वासासाठी तडफडत होती, तरीही. मग मीच डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. बहिणीने मास्कमागून माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

ती वाचली. सासूबाईंनी आवाज चढवला नाही. "पूर्ण बरी होईपर्यंत माहेरीच राहू दे," एवढंच म्हणाल्या आणि तिचे कपडे पाठवून दिले.

आता ती तपकिरी पंप दोन्ही वेळा घेते. निळ्याची गरजच पडत नाही. परवा मी म्हटलं, "बघ, जिनासुद्धा न थांबता चढलीस. कळव की त्यांना, बरी झालेय म्हणून."

"कळवलं ना," ती म्हणाली. "पण आता आपलं कोण खरं मानणार, ताई?"