फलकावर एकच नाव

आज धंतोलीतल्या एका जुन्या दवाखान्यावर त्याच्या आर्किटेक्टच्या नावाचा फलक लागला. साठ वर्षांपूर्वी नवरा-बायकोनं मिळून डिझाइन केलेली इमारत. नागपूरच्या उन्हातही आत हवा खेळवणारी विटांची जाळी बाईंची.

साहेब आता नाहीत. नव्वदीच्या बाई पहिल्या रांगेत होत्या. फलकावर नाव फक्त साहेबांचं.

बाईंच्या हातात साडी-नारळ देत अध्यक्षांनी विचारलं, "साहेब घरी कामाचं काही सांगत होते का तुमाले?"

"सांगत नव्हते, विचारायचे. या जाळीचं ड्रॉइंग मी केलेलं आहे."

लोकांना विनोद वाटला. टाळ्या पडल्या.

संतापू कुणावर? अकरा वर्षं मी बाईंच्याच हाताखाली ड्रॉइंग शिकलो. फलकाचा मजकूर मीच लिहिलाय. त्यांचं नाव मी गाळलं नाही हो, मला ते आठवलंच नाही.

तुम्हाला आठवलं असतं?