आपांच्या संत्र्याची सावली

ॲक्रिलिकचा रंग पॅलेटवर वाळला की निघता निघत नाही. आम्ही खरवडायचा कंटाळा करतो, त्यावरच नवा घालतो, आणि पॅलेट जड होत जातं. आमच्या रविवारच्या क्लासचे किस्से तसेच साठलेत. तुम्ही "काय म्हणतो क्लास?" विचारलंत ना, आता बसा ऐकत!

क्लास म्हणजे सिडकोत खरात सरांच्या गच्चीवरची पत्र्याची खोली. सर शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेले. शिकणारे आम्ही तिघं: चितेगावच्या कंपनीतून सुटलेले गायके काका, शहागंजच्या मागं राहणाऱ्या शबाना आपा, आणि बँकेतून सुटलेली मी. टेबलावर फळं मांडायची, खिडकीचा उजेड घ्यायचा, रंगवायचं. नियम एकच. आधी चित्र, मग फळ. चित्र झालं की तेच फळ सगळ्यांनी वाटून खायचं.

*

हा नियम काकांनी लगेच मोडला. तीन केळी मांडली होती. सर चहा आणायला खाली गेले. येऊन बघतात तर दोनच!

"काका, केळं कुठंय?"

"चक्कर आल्यासारखं झालं, सर. खाल्लं."

"आणि चित्राचं काय आता?"

काकांनी टेबलावर पडलेल्या सालीकडं बोट दाखवलं आणि तीच रंगवायला घेतली. "तुम्हीच म्हन्ला ना, समोर दिसंल तेच काढा!"

त्या चित्राला फ्रेम केली त्यांनी. हॉलमध्ये लावलंय.

*

सरांनी एकदा रंगचक्र काढून समजावलं. नारिंगीच्या समोर निळा, लालच्या समोर हिरवा, पिवळ्यासमोर जांभळा. "हे विरोधी रंग. शेजारी ठेवले की दोघंही उजळतात. एकमेकांत कालवले की मळकट होतात."

काका म्हणाले, "मंजी मी आन आमची मंडळी!"

"व्हय. शेजारी ठेवा, कालवू नका."

"लग्नाआधी सांगायचं ना, सर! आमचं लई कालवून झालंय!"

*

फळं आणायचं काम आपांचं. मी एकदा त्यांच्याबरोबर शहागंजला गेले. बाई एकेक संत्रं उचलणार, उन्हात धरणार, फिरवून बघणार, परत ठेवणार. शेवटी फळवाला वैतागला.

"आपा, खाने का है के रिश्ता करने का है?"

"दिनभर मुंह देखना है इसका," आपा म्हणाल्या. "तेरे जैसा नक्को!"

फळवाल्यालाच हसू फुटलं, एक संत्रं वरून दिलं त्यानं.

*

पण आपांचं आणि सरांचं खरं भांडण सावलीवरून. सर म्हणायचे, "संत्रं नारिंगी ना? मग सावलीत निळा घाला. काळ्यानं फळ मरतं."

"सर, साया काला ही होता है. सूरज को पूछो!"

दर रविवारी हेच. शेवटी सरांनी त्यांची काळी ट्यूब काढून घेतली आणि कपाटात कुलपात ठेवली. पुढच्या रविवारी बघतात तर सावली पुन्हा काळी कुळकुळीत! सरांनी बोट लावलं तर बोटाला चिकटली. आपांनी पर्समधून काजळाची डबी काढून दाखवली.

"आपने रंग मना किया था सर. ये तो काजल है!"

सर कपाळाला हात लावून बसले, आणि तेच बोट लागल्यामुळं दिवसभर तीट लावल्यासारखे फिरले.

*

मग आपा बाथरूममध्ये पडल्या. फार लागलं नाही, पण लेक हैदराबादहून आला आणि म्हणाला, आता एकटी राहू नकोस. जायचं नव्हतं हो त्यांना. बसमध्ये चढताना माझा हात सोडेनात. "आती मैं, वैशू. मेरा स्टूल किसीको नक्को देना."

स्टूल तसंच आहे. फळ वाटताना काका अजून चार वाटे करतात. आम्ही कुणी टोकत नाही. आपांचा वाटा मी घरी नेते, आणि तो माझ्याच्यानं खाववत नाही. सरळ सांगते, मला त्यांची लई आठवण येते. एका रविवारी त्या जिना चढून याव्यात, सरांशी भांडाव्यात, एवढंच मागणं आहे माझं.

व्हिडिओ कॉलवर विचारलं, चित्र काढता का? तर म्हणाल्या, "इधर खिडकी के सामने दूसरी बिल्डिंग है, वैशू. साया ही नै पडता."

गेल्या महिन्यात शहागंजला गेले तर त्यांच्या दारावर पाटी: घर विकणे आहे. फळं न घेताच परत आले.

*

परवाच्या रविवारी काका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून एक पार्सल घेऊन आले. हैदराबादचं. आत फॉइलमध्ये गुंडाळलेलं, सोललेलं संत्रं. त्यातली एक फोड आपांनी तिकडंच काढून घेतलेली. आणि खाली, जुन्या ओढणीत बांधलेला छोटा कॅनव्हास.

सरांनी तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला. चित्रात संत्रं अख्खं होतं. त्याच्याखाली सावली होती, निळी.

मी आपली सवयीनं संत्रं टेबलावर मांडलं, ब्रश पाण्यात बुडवला.

"राहू द्या, वैशालीताई," सर म्हणाले. "चित्र झालंय. वाटे करा."

काकांनी फोडी मोजायला घेतल्या. या वेळी त्यांनी तीनच वाटे केले.