धपाट्याची भोकं

परत आलेला डबा उघडून बघायची मला खोड लागली होती. लेक शाळेतून यायची, दप्तर कोपऱ्यात टाकून हातपाय धुवायला जायची, आणि मी हळूच डबा काढायचो. तेरा-चौदा वर्षांची पोरगी तोंडाने काही सांगत नाही. खाल्लं का, तर "हो". आवडलं का, तर "ठीक होतं". त्यामानाने डबा बोलका. कडेला लोटलेली मिरची, दुमडून ठेवलेली चतकोर भाकरी, कधी नुसताच मैत्रिणीच्या नूडल्सचा वास.

बायको नर्स. तिची बदली कडा गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात झाली आणि ती शनिवारीच वडवणीला घरी येऊ लागली. जाताना तिने एकच विचारलं होतं, "डब्याचं कसं करताल?" मी म्हणालो, "मी बघतो." तोवर मी चहाच्या पुढे काही केलेलं नव्हतं.

पहिले दोन महिने मी खरंच केलं. झुणका-भाकरी दिली, भाकरी वातड झाली. तिखट पुऱ्या दिल्या, त्यांना घाम सुटला. सुशीला केला, म्हणजे मुरमुरे भिजवून, पिळून, त्यात कांदा, शेंगदाणे आणि डाळ्याचं कूट घालून परतले. त्याचा दुपारपर्यंत लगदा झाला. सकाळी सातला केलेल्या खाण्याचं दीड वाजता नेमकं होतं काय, हे मला कळेना. शेवटी मी दुसरा एक डबा तस्साच भरून माझ्या दुकानात ठेवायला लागलो. मोटारपंपाच्या सामानाचं माझं दुकान. शाळेत मधली सुट्टी होते त्या वेळेला इकडे गल्ल्यावर बसून मी तो डबा उघडायचो आणि लेक आत्ता जे खाते आहे तेच खायचो. खाववत नव्हतं. माझं मलाच खाववत नव्हतं, तर ती का खाईल? माझ्या वहिनीने तिला बघून एकदा म्हटलंच, "पोरगी वाळायली, भावजी."

दुकानाच्या भिंतीला लागून एका मिस्त्रीचं गॅरेज आहे, आणि गॅरेजच्या मागे त्यांचं घर. एका दुपारी मिस्त्रीच्या बायकोने, मी त्यांना भाभी म्हणतो, मिस्त्री आणि माझ्यासाठी चहाबरोबर ताटलीत धपाटे पाठवले. गार होते. पण बोटाने मोडलं तर मऊसूत मोडलं.

मी उठून मागच्या दाराशी गेलो. "भाभी, हे आत्ता केले?"

"सकाळचेच हाय, भैया. पोरीच्या डब्यासाठी केले, त्यातले उरलेले."

"मग असे कसे राहिले?"

"राहतात की," त्या म्हणाल्या, जसं काही त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

मी भीत भीत विचारलं, माझ्या लेकीलाही दोन कराल का. त्या म्हणाल्या, तवा तापलेलाच असतो. तेव्हापासून पीठ माझ्या शेतातल्या ज्वारीचं आणि हात त्यांचे; बहुतेक धपाटे, कधी तिखट पुऱ्या. सकाळी मागच्या दाराने जायचं, आमच्या डब्यात, आमच्या फडक्यात गुंडाळून घ्यायचं आणि लेक उठायच्या आत ओट्यावर आणून ठेवायचं.

त्या दिवशी डबा पुसल्यासारखा रिकामा आला. लेकीने विचारलं, "पप्पा, हे तुमी केलं?"

मी म्हणालो, "हं."

सगळं त्या एका 'हं'मध्ये आलं. दुसऱ्या दिवशी मी भाभींना म्हणालो, घरी कुणाला बोलू नका. त्यांनी फडक्याची गाठ मारली. मग म्हणाल्या, "बरं. माझ्या पोरीला पण सांगते." त्यांची मुलगी माझ्या लेकीच्याच इयत्तेत, पण तेव्हा तुकडी वेगळी होती.

का लपवलं, याचं उत्तर मी बरेच दिवस आईच्या नावावर टाकलं. आई चौसाळ्याकडे गावी असते, जुन्या वळणाची आहे, मुसलमानाच्या घरचं पाणीही तिने कधी घेतलेलं नाही. तिला कळलं तर आकांत करील, असं मी स्वतःला सांगायचो. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. आई आली तेव्हा मी तेच धपाटे तिच्या ताटात वाढले. तिने दोन खाल्ले आणि भावकीसमोर म्हणाली, "माज्या लेकाच्या हाताला चव हाय." मान खाली घालून मी ते ऐकून घेतलं. बायको फोनवर दवाखान्यातल्या बायांना सांगायची, आमचे हे काय काय करतात. मला ते आवडत होतं. खरं कारण एवढंच होतं.

नववीत तुकड्या एक झाल्या. पटसंख्या कमी पडली म्हणून असेल. मी ऐकलं, पण त्यातून पुढे काय होईल ते माझ्या डोक्यातच आलं नाही. भाभींच्याही नाही.

पावसाळ्यानंतर कधीतरी लेक जेवताना हसत म्हणाली, "पप्पा, लई गंमत हाय. ती मिस्त्रीची पोरगी रोज आपल्यासारखंच आणती. आपले धपाटे तर तिचे धपाटे, आपल्या तिखट पुऱ्या तर तिच्या पुऱ्या. सगळ्या तिला कॉपी म्हणायल्या."

"तू काय म्हणालीस?"

"मी काय खोटं बोलू? म्हणलं, माज्या पप्पांचं बघून हिची मम्मी करती. दुकान शेजारीच हाय ना."

"आणि ती?"

"ती काहीच बोलली न्हाई. डबा बंद केला."

त्या मुलीला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते ती बोलली नाही, कारण तिच्या आईने मला शब्द दिला होता. मी पन्नाशीला आलेला माणूस. माझा शब्द एक शाळकरी पोर सगळ्या वर्गासमोर पाळत होती. तेव्हाच लेकीला सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "भात घे."

त्यानंतर आठवड्याभराने भाभी डबा देताना म्हणाल्या, "उद्यापासून आमची पोरगी चपाती-भाजी नेणार हाय. धपाटे नको म्हणती."

"कावून?" मी विचारलं. मला ठाऊक असताना विचारलं.

"पोरी हाय, भैया. आज हे, उद्या ते." त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "तुमच्या पोरीला आवडतात ना, तिला करीन मी."

आणि मी तो घेतला. लिहिताना सगळ्यात जड हेच जातं. खोटं बोललो, ते एका 'हं'ने होऊन गेलं. पण त्यांची पोरगी स्वतःच्या आईच्या हातचं सोडून देते आहे, हे कळल्यावरही पुढचा महिनाभर मी रोज सकाळी मागच्या दाराने जात राहिलो.

लेकीलाही माझ्यासारखीच डब्यातलं निरखायची खोड आहे, हे मला माहीत नव्हतं. एका रविवारी संध्याकाळी, बायको परत गेल्यावर, लेकीने आदल्या दिवशीचं एक धपाटं ताटलीत घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. तव्यावर तेल सोडायला धपाट्याला बोटांनी भोकं पाडतात, मधे एक आणि भोवती चार. ती म्हणाली, "पप्पा, बोट घाला यात."

"कशाला?"

"घाला तर."

मी बोट ठेवलं. पान्यांनी नटबोल्ट पिळून पिळून जाड झालेलं माझं बोट, नखसुद्धा आत जाईना. तिने आपली करंगळी घातली, ती बरोबर बसली.

"मी वर्गात तिचं धपाटं पायलं होतं. भोकं अशीच होती," ती म्हणाली. "मला वाटलं, तिची मम्मी भोकंसुद्धा आपल्यासारखीच पाडती. मग वाटलं, पप्पांची बोटं तर अशी न्हाईत."

लाटण्याच्या टोकाने पाडतो, हे उत्तर जिभेवर तयार होतं. इतकं तयार की माझं मलाच नवल वाटलं. पण ती चिडलेली नव्हती; तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिचा चेहरा बघून मी सांगून टाकलं. ताटलीतल्या पहिल्या धपाट्यापासून चपाती-भाजीपर्यंत सगळं.

तिने ताटली खाली ठेवली. मग म्हणाली, "मी तिला काय काय बोलले, तुमाला माहीत होतं?"

"होतं."

"वर्गात येऊन सांगा मग."

मी गेलो नाही. उद्या बघू म्हणालो. सोमवारी मधल्या सुट्टीत तिने एकटीने सगळ्यांसमोर सांगितलं. त्यावर मिस्त्रीची मुलगी काय म्हणाली विचारलं तर म्हणाली, "काही न्हाई. बाक बदलून लांब बसली."

मी भाभींकडे गेलो आणि जे बोलायचं ते बोललो. मिस्त्री बाहेर चाकाचं पंक्चर काढत होते, तेही हात थांबवून ऐकत होते. भाभी पीठ चाळत होत्या. म्हणाल्या, "पोरींचं पोरी बघतील. तुमी हात धुवून या."

मग त्यांनी शिकवलं. ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, मूठभर कणीक, ओबडधोबड धने, जिरं, लसूण, तीळ. कांदा नको, दुपारी वास मारतो. "आणि पाणी घालू नका भैया, चामडं होतं त्याचं." पाण्याऐवजी रात्रीचं उरलेलं वरण. दुकानात डबा उघडून उघडून मी जे शोधत होतो, ते म्हणजे रात्रीचं वरण. ओल्या फडक्यावर थापायचं, फडक्यासकट तव्यावर पालथं घालायचं आणि फडकं सोडवून घ्यायचं. भाजून झालं की वाफ जिरू द्यायची, मगच झाकण.

बायकोला मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आईंना पण सांगा." ते अजून झालेलं नाही. आईला वाचता येत नाही. हे लिहिलेलं तिला मीच वाचून दाखवणार आहे.

पहिले धपाटे मी पाचला उठून केले. कडा फाटलेल्या, आणि भोकं एवढी मोठी की एकातून तवा दिसावा. लेकीने बघितलं, हसली नाही, चार घालून घेऊन गेली. संध्याकाळी नेहमीप्रमाणे मी डबा उघडला. रिकामा होता. तीनच्या वर ती कधी खात नाही, हे मला डब्यानेच शिकवलेलं.

"चौथं कुणी खाल्लं?"

"तिनं," लेक हातपाय पुसत म्हणाली. "म्हणली, मीठ कमी हाय."

दुसऱ्या दिवशी मी पिठात चिमूटभर मीठ जास्त टाकलं, आणि धपाटे पाच केले.