आत कोणी आहे का?

देवधर मॅडम ऑफिसला कुलूप लावण्याआधी रिकाम्या खोलीत हाक मारायच्या, "आत कोणी आहे का?" मग क्षणभर कानोसा घ्यायच्या. वागळे इस्टेटमधल्या आमच्या सहा टेबलांच्या ऑफिसात कोण लपून बसणार! आम्ही हसायचो. त्या ढिम्म हलत नसत.

एका इस्पितळाच्या नोंदी आम्ही सांभाळायचो. जुन्या सिस्टीममधून नव्या डेटाबेसमध्ये त्या मी आणल्या. अ‍ॅलर्जीची प्रत्येक नोंद कुठल्यातरी पेशंटशी जोडलेली हवी, असा तिथे नियम होता. नोंदी भरताना तो सारखा आडवा येत होता, म्हणून मी बंद केला आणि काम उरकल्यावर पुन्हा सुरू केला. स्क्रीनवर 'चालू' दिसलं, मी निर्धास्त झालो.

दोन वर्षांनी मॅडम माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "नीलेश, कुलूप लावलंस रे. पण त्याआधी आत कोण शिरलं ते बघितलंस?"

"मॅडम, नियम चालू आहे ना!"

"नव्या नोंदींसाठी. आधीच आत आलेल्यांना कोणी विचारलं?"

त्यांनी सगळ्या जुन्या नोंदी त्याच नियमाखालून पुन्हा तपासायला लावल्या. नियमाने नकार दिला. सात अ‍ॅलर्जींना पेशंटच नव्हता. म्हणजे कुठेतरी सात माणसं अशी होती, ज्यांच्या फायलीत अ‍ॅलर्जीचा रकाना कोरा होता.

मॅडम ओरडल्या नाहीत. इस्पितळाच्या मोहने गावातल्या गोदामात धूळ खात पडलेले केसपेपर आम्ही दोघांनी आठवडाभर उपसले. सहा जण सापडले. सातवी नोंद तशीच राहिली: 'पेनिसिलिन. श्वास कोंडतो.'

आमच्या ऑफिसचे साहेब म्हणाले, "एकच तर आहे. डिलीट मारा, तपासणी पास होऊन जाईल."

"ओळ पुसता येईल हो," मॅडम म्हणाल्या. "पण तो माणूस उद्या इंजेक्शन घ्यायला आला तर?"

निवृत्तीनंतर दर सोमवारी कोपरच्या घरून त्यांचा फोन यायचा. "सापडला का रे?" मी नाही म्हणायचो. "बरं," म्हणून त्या फोन ठेवायच्या. त्या 'बरं'ची मला धास्ती वाटायची. गेल्या महिन्यात मॅडम गेल्या, आणि आता फोन न येणारा सोमवार त्याहून वाईट जातो.

ओळ मी पुसलेली नाही. दर सोमवारी तपासणी चालवतो, नियम नकार देतो. मग कुलूप हातात घेऊन दारात उभा राहतो आणि हाक मारतो, "आत कोणी आहे का?"

आत एक जण आहे. त्याचं नाव मी हरवलंय.